लघु सिक्लिड : वनस्पतींच्या मत्स्यालयासाठी निवड

सिक्लिड कुलातील जे मासे पूर्ण वाढ झाल्यावरही साधारण दहा सेंटिमीटरच्या आत राहतात, त्यांना हौशी लोक लघु सिक्लिड म्हणतात. ही वर्गीकरणशास्त्रातली पायरी नव्हे; टाकीच्या मापावरून पाडलेला व्यवहारी गट आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दोन किंवा फार तर तीन फुटी टाकी मावते. तिच्यात खऱ्या पाणवनस्पती लावून (बोलीत ‘प्लांटेड टँक’) मासे पाळायचे असतील, तर सिक्लिडांपैकी जवळजवळ एवढाच गट हाती उरतो. दुकानात ‘सिचलिड’, क्वचित ‘चिचलिड’ असा उच्चार चालतो आणि त्या नावाने मागितल्यास बहुधा आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले पिवळे-निळे दांडगे मासे दाखवले जातात. त्यांना जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले पाणी आणि खडक लागतात. कोवळी पाने ते कुरतडतात. म्हणून ‘राम’, ‘अपिस्टो’, ‘क्रिब’ अशी नावे घेऊनच विचारावे लागते.

सिक्लिडांच्या वर्णन झालेल्या जाती १,७०० च्या वर आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेत व मध्य-दक्षिण अमेरिकेत राहतात. भारताच्या वाट्याला मूळच्या तीनच आल्या. त्यांतला करीमीन हा केरळचा राज्यमासा; गोव्यात तो कालुंदर म्हणून ताटात येतो. जर्मन अभ्यासक ब्लॉख यांनी १७९० मध्ये सुरतेवरून त्याचे ‘सुराटेन्सिस’ असे नामकरण केले. महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक असलेला सिक्लिड मात्र बाहेरचा आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेली तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, ही याच कुलातली. दिवाणखान्यातला नाजूक निळा राम आणि मासळीबाजारातली चिलापी एकाच घराण्यातली आहेत, हे सांगितले तरी पाहुण्यांना चटकन पटत नाही.

या माशांचे वेड लागते ते रंगापेक्षा वागण्यामुळे. टेट्रा या लहान माशांचा थवा सुंदर दिसतो, पण त्यातला एक मासा दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. सिक्लिड टाकीत हद्द आखतो, जोडीदाराशी भांडतो, अंड्यांवर पहारा देतो, पिलांचा घोळका फिरवून आणतो आणि काचेपलीकडून आपल्याकडे डोळे फिरवून पाहतो. सिक्लिडाची जात मोठी असेल तर हाच स्वभाव झाडांच्या मुळावर येतो. दोन इंचांचे ऑस्करचे पिलू गोजिरे दिसते आणि वाढून फूटभराचे होते. वास्तूला शुभ म्हणून घेतला जाणारा फ्लॉवरहॉर्न हा संकर एकही रोप जमिनीत राहू देत नाही. एंजल शांत असतो, पण त्याला उंच टाकी लागते आणि मोठा झाल्यावर तो लहान टेट्रा गिळतो.

पाणी आणि उकाडा

निवडीची सुरुवात बहुतेक जण माशाच्या रंगापासून करतात. या परिसरात ती थर्मामीटरपासून व्हायला हवी. सिक्लिडांवरची बरीचशी पुस्तकी माहिती थंड हवेच्या युरोपात लिहिली गेली. तिच्यात हीटर गृहीत धरलेला असतो आणि ज्याला जास्त उष्णता लागते तो मासा ‘अवघड’ ठरतो. ठाण्यात प्रश्न उलटा आहे. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतल्या टाकीचे पाणी ३० अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते. डिसेंबर-जानेवारीच्या मोजक्या पहाटा सोडल्या तर हीटर कपाटातच पडून राहतो. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण खाडीकाठच्या दमट हवेत त्याचाही जोर ओसरतो. त्यामुळे तिकडे ‘अवघड’ असलेला राम इथे सोपा होतो, आणि तिकडे नवशिक्यांना सुचवला जाणारा, थोडी थंडी मानवणारा अपिस्टोग्रामा बोरेली इथल्या मे महिन्यात मलूल पडतो.

खरी अडचण झाडांकडून येते. पाणी २५ अंशांवर असताना त्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर तो ७.५ च्या आसपास येतो. त्याच वेळी माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात. झाडांच्या वाढीसाठी लावलेला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर रात्रीही चालू राहिला, तर झाडे त्या वेळी प्राणवायू देण्याऐवजी घेत असल्याने पहाटे मासे वर येऊन धापा टाकताना दिसतात. गालिच्यासारखी पसरणारी नाजूक रोपे आणि बरीचशी शेवाळी (‘मॉस’) या उष्णतेत कुजतात. अनुबियास, व्हॅलिसनेरिया, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड आणि क्रिप्टोकोरीन तग धरतात. क्रिप्टोकोरीन तर परकी नव्हेच. तिच्या काही जाती पश्चिम घाट आणि कोकणातल्या ओढ्यांत रानटी वाढतात. थोडक्यात, आधी मासा ठरवावा आणि मग त्याच्या तापमानात जगणारी झाडे निवडावीत. उलट क्रमाने गेलेली टाकी पहिल्या उन्हाळ्यातच उघडी पडते.

नळाच्या पाण्याबाबत हा परिसर सुदैवी म्हणावा लागेल. ठाण्याला भातसा आणि उल्हास नद्यांचे पाणी येते. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर पडलेल्या पावसाचे हे पाणी सहसा मऊ ते मध्यम असते आणि दक्षिण अमेरिकेतल्या लघु सिक्लिडांना तसेच हवे असते. बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत हे गृहीत धरू नये; तिथले पाणी जड असू शकते. घरोघरी असलेला टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, जडपणा नव्हे. जडपणासाठी थेंबांचे वेगळे किट मिळते. सामू (पीएच) आणि जडपणा एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात मोजला की वर्षभराचा अंदाज येतो. पहिल्या पावसानंतर नळाला गढूळ पाणी येते, तेव्हा क्लोरीनचा वासही उग्र होतो. त्या आठवड्यांत पाणी कमी बदलावे आणि ‘अँटिक्लोरीन’ म्हणून विकला जाणारा सोडियम थायोसल्फेट विसरू नये.

कोणता मासा

राम. शास्त्रीय नाव मायक्रोजिओफॅगस रामिरेझी. व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्याच्या गवताळ सपाटीवरील उथळ, उन्हाने तापलेल्या पाण्यात हा राहतो. १९४८ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि मासे गोळा करणाऱ्या मान्वेल रामिरेझ यांच्यावरून नाव पडले. त्याचे मर्यादापुरुषोत्तमाशी काही नाते नाही, पण इथल्या कानांना ते नाव लगेच आपले वाटते. २७ ते ३० अंश, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी, पाच-सहा सेंटिमीटर लांबी : ठाण्यातल्या दोन फुटी टाकीसाठी मागवून घेतल्यासारखा मासा. मादीचे पोट गुलाबी असते आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे कण चमकतात. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब असतात. जोडी जमली की सपाट दगडावर दोनशेच्या आसपास अंडी घातली जातात. मात्र मत्स्यशेतीत वाढलेल्या पिढ्यांमध्ये पालकत्वाची उमज कमी झालेली दिसते आणि पहिली दोन-तीन वेळची अंडी आईबापच खाऊन टाकतात. आयुष्य दोन-तीन वर्षांचे. सोनेरी, ‘इलेक्ट्रिक ब्लू’ आणि फुग्यासारख्या पोटाचा ‘बलून’ असे प्रकार बाजारात जास्त खपतात. त्यांतला इलेक्ट्रिक ब्लू नाजूक असतो, आणि बलूनचा आकार म्हणजे वाकडा झालेला कणा. तो न घेणेच बरे.

याचाच भाऊ बोलिव्हियन राम. रंगाने फिका, अंगाने थोडा मोठा, स्वभावाने गरीब. त्याला २४ ते २६ अंश बरे वाटतात, म्हणून एसी दिवसभर चालणाऱ्या वाशी-बेलापूरच्या कार्यालयांतल्या टाक्यांना तो जास्त शोभतो.

अपिस्टो, म्हणजे अपिस्टोग्रामा या प्रजातीतले मासे, हा या छंदातला सर्वांत खोल डोह आहे. बाजारात सहज मिळणारा काकाटुओइडिस (हौशींचा ‘काका’) नर आठ सेंटिमीटरचा आणि पाठीवर काकाकुव्यासारखा तुरा असलेला; मादी जेमतेम पाच सेंटिमीटरची. राम एकपत्नी, तर काकाचा जनानखाना असतो : तीन फुटी टाकीत एक नर आणि दोन-तीन माद्या, प्रत्येकीची स्वतंत्र गुहा. गुहेच्या छताला साठ-सत्तर अंडी चिकटवली की मादी पिवळीजर्द होते आणि दुप्पट आकाराच्या नरालाही जवळ फिरकू देत नाही. दोन फुटी टाकीत अशा वेळी नराला पळायला जागा नसते आणि तो पर फाटून मरतो. दोष मादीचा नसतो, टाकीच्या मापाचा असतो. शिवाय बहुतेक अपिस्टोंमध्ये पिलांचे लिंग तापमानावर अवलंबून असते. पाणी जितके उष्ण तितके नर जास्त. त्यामुळे इथल्या उन्हाळ्यात वाढलेल्या विणीत माद्या शोधाव्या लागतात आणि ज्याला पुढे पैदास करायची आहे तो डिसेंबरची वाट पाहतो. आगासिझी आणि मॅकमास्टेरी या जातीही मिळतात. त्यांना काकापेक्षा जास्त स्वच्छ आणि मऊ पाणी लागते. पहिला अपिस्टो म्हणून काकाच घ्यावा.

क्रिब हा पश्चिम आफ्रिकेतला, नायजेरिया आणि कॅमेरूनच्या ओढ्यांतला. कॅमेरूनमधल्या क्रिबी गावावरून जुन्या काळी चिकटलेले नाव व्यापारात टिकले. शास्त्रीय नाव पेल्विकाक्रोमिस पल्चर. नवशिक्यांसाठी हाच सर्वांत भरवशाचा : सामू सहा ते साडेसात कुठेही असो, महापालिकेच्या पाण्यात तो वाढतो आणि पिलेही घालतो. अगदी आम्लधर्मी पाण्यात त्याच्या पिलांत नर जास्त निघतात. विणीच्या दिवसांत मादीचे पोट पिकल्या जांभळासारखे होते आणि मग टाकीचा अर्धा तळ त्या जोडीचा. गुहेच्या तोंडाशी ते वाळू उपसतात, तेवढ्या जागेत नव्याने लावलेली रोपे टिकत नाहीत.

बाकीच्यांपैकी नॅनाकारा अनोमाला आणि लेटाकारा कर्व्हिसेप्स झाडांना अजिबात त्रास देत नाहीत, पण इथल्या दुकानांत क्वचितच दिसतात. टांगानिका सरोवरातले शंखात राहणारे इवलेसे सिक्लिड आकाराने बसतात, तरी त्यांना जड, अल्कधर्मी पाणी लागत असल्याने या यादीत येत नाहीत.

देशी पर्याय नारिंगी क्रोमाइड. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या किनारी, गोड्या व मचूळ पाण्यातला आठ सेंटिमीटरचा मासा. त्याची पिले आईबापांच्या अंगावरचा श्लेष्म खातात. तरुण क्रोमाइड करीमीनच्या अंगावरचे परजीवी टिपतात, आणि संधी मिळाली तर त्याच करीमीनची अंडीही फस्त करतात. मऊ आम्लधर्मी पाणी त्याला मानवत नाही. टणक झाडे आणि थोडे जड पाणी असेल तर बोअरवेलवाल्या सोसायटीत रामपेक्षा हाच शहाणपणाचा.

टाकीची मांडणी

तळाचे क्षेत्रफळ उंचीपेक्षा महत्त्वाचे. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी बसते आणि तेवढ्यात एकच जोडी ठेवावी. हे मासे वाळू तोंडात घेऊन गाळतात. ‘जिओफॅगस’ या शब्दाचा अर्थच माती खाणारा. म्हणून तळाला धारदार रंगीत खडे नकोत, बारीक गुळगुळीत वाळू हवी. गुहेसाठी विकतच्या मातीच्या वस्तूंपेक्षा नारळाची करवंटी उत्तम : किशी घासून काढावी, उकळावी, कडेला बोटभर दार पाडावे आणि पालथी ठेवावी. तिच्यावर अनुबियास बांधला की ती दिसतही नाही.

पाण्याला चहासारखा रंग आणि थोडी आम्लता आणायला देशी बदामाची वाळलेली पाने टाकतात. ती पाने पाकिटात भरून विकली जातात आणि लोक घेतातही, जेव्हा तेच झाड ठाण्या-नवी मुंबईच्या निम्म्या सोसायट्यांच्या कुंपणापाशी उभे राहून पानगळीत लाल पानांचा ढीग घालत असते. औषधफवारणी होत नाही अशा झाडाखालची, आपोआप गळलेली पाने धुऊन वापरावीत.

मासे सोडण्यापूर्वी टाकी तीन ते सहा आठवडे चालवून फिल्टरमधले जिवाणू रुजू द्यावेत. माशांच्या अंगातून बाहेर पडणारा अमोनिया हे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. राम या बाबतीत क्षमा करत नाही.

सोबत म्हणून वरच्या थरात कार्डिनल टेट्रा ठेवावेत. दिसायला सारखाच असलेला निऑन टेट्रा रामच्या उष्णतेत लवकर दमतो. तळाशी उष्णता सोसणारा कॉरिडोरास स्टर्बाय चालतो, पण पैदाशीचा विचार असेल तर तोही नको, कारण रात्री तो अंडी शोधत फिरतो. कोळंबीची पिले हे सिक्लिडांचे खाद्यच समजावे.

खरेदी आणि पुढे

शोभेच्या माशांचा मोठा पुरवठा चेन्नईतल्या कोलाथूरहून आणि पश्चिम बंगालमधून होतो. ठाण्यातल्या दुकानदाराकडे तो अनेकदा कुर्ल्याच्या घाऊक बाजारातून पोहोचतो. इतका प्रवास केलेला मासा आल्या दिवशी घेऊ नये. आठवडाभर दुकानात राहून खाताना दिसला तरच घ्यावा. बोटाएवढ्या पिलाला प्रौढ नराचे भडक रंग असतील तर संशय घ्यावा. रंग उठवायला संप्रेरके दिली जातात ही हौशींची जुनी तक्रार आहे, आणि असे मासे घरी येऊन फिके पडतात. पोट आत गेलेला किंवा पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा स्वस्तात मिळाला तरी सोडून द्यावा. नवी जोडी तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायची पद्धत आहे. जागा नसल्यास झाकण असलेला प्लॅस्टिकचा डबा आणि स्पंज फिल्टर पुरतो.

क्रिबची जोडी एकदा लागली की दर काही आठवड्यांनी शंभरावर पिले देते आणि दोन फुटी टाकीत ती मावत नाहीत. ठाणे तलावांचे शहर असल्याने ती मासुंदा किंवा उपवनात सोडण्याचा मोह अनेकांना होतो. असेच सोडलेले, टाकीची काच चाटणारे सकर मासे आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत ठाण मांडून बसले आहेत. वाढलेली पिले दुकानदार बहुधा घेतो. पैसे देत नाही, पण बदल्यात खाद्याची डबी किंवा अनुबियासचा एखादा तुकडा देतो.