अनुशेषाच्या यादीत कारखाने नव्हते

यवतमाळ-मुर्तिजापूरची नॅरोगेज ‘शकुंतला’ मुळात माणसांसाठी घातलेली गाडी नव्हती. वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गावर आणायचा, तिथून मुंबई बंदर आणि पुढे इंग्लंड, एवढ्यासाठी ब्रिटिश कंपनीने ती टाकली. वऱ्हाडाच्या वाट्याला उरलं जिनिंग-प्रेसिंग. सरकी वेगळी करा, रुई दाबून गाठी बांधा, गाठी रवाना करा. सूत, कापड आणि त्यावरचा नफा पुढच्या मुक्कामी.

मुंबईत 1854 साली कावसजी दावर यांनी पहिल्या गिरणीची कंपनी काढली. बंदर आणि पेढ्या जवळच होत्या, 1915 मध्ये खोपोलीची वीजही आली, मग गिरण्या दुसरीकडे कशाला जातील? जमशेटजी टाटा मात्र गेले. 1877 मध्ये त्यांनी कापसाच्या उशाशी, नागपुरात, एम्प्रेस मिल सुरू केली आणि ती उत्तम चालली. मागोमाग पुलगाव, अकोल्यालाही भोंगे वाजले, पण मुंबईच्या मानाने मोजकेच.

मराठवाड्याची गोष्ट निराळी. सप्टेंबर 1948 पर्यंत तो निजामाकडे होता, मनमाडहून निघणाऱ्या मीटरगेजचं तोंडही हैदराबादकडेच.

हा असमतोल ठाऊक असल्यानेच 1953 च्या नागपूर करारात, म्हणजे विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राने एका राज्यात येण्यासाठी केलेल्या करारात, लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं आश्वासन लिहून घेतलं गेलं. 1962 मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, 1964 मध्ये कारखान्यांसाठी सवलतींची योजना. तालुका जितका मागास, तितकी सूट जास्त. कारखानदारांनी सूट घेतली, पण रस्ता, पाणी, कामगार बघूनच. 1985 मध्ये बजाज ऑटो वाळूजला आली, भोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले आणि औरंगाबाद बदललं. हिंगोलीपर्यंत ती धग पोहोचली नाही. मराठवाड्याच्या पोटातच दुसरी दरी तयार झाली, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने 1984 मध्ये अनुशेष, म्हणजे मागास भागांची विकासातली साचलेली तूट, रुपयांत मांडला: सुमारे 3,186 कोटी. राज्याच्या सरासरीच्या खाली असलेला जिल्हा म्हणजे तूट, असा साधा हिशेब. त्यात सिंचन, रस्ते, ग्रामविद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य होतं. कारखाना मात्र नव्हता, कारण तो सरकारी खर्चाच्या रकान्यात बसत नाही. माझ्या मते पुढची बरीच निराशा इथूनच आली. पाटबंधाऱ्यांचे आकडे विधिमंडळात गाजत राहिले, आणि मुलं नोकरीसाठी पुण्याच्या गाडीत बसली.

हा असमतोल कमी करण्यासाठी 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली.