डिमर घरात आला तो पंख्याच्या वाटेने

विदर्भातल्या खेड्यात लाईटचं बटण काढून डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करणारी खुंटी, लावायला सांगितलं, की बहुतेकदा हातात पंख्याचा रेग्युलेटरच येतो. त्याला कारण आहे. ही सोय आपल्या घरांत दिव्यासाठी आलीच नाही, आली ती पंख्यासाठी.

दिवा मंद करायची गरज मुळात नाटकवाल्यांची. जुन्या थिएटरांत त्यासाठी जादाची वीज तारेच्या वेटोळ्यात, कुठे मिठाच्या पाण्यातही जिरवत. भिंतीतल्या बटणाच्या जागेत मावेल असा डिमर थायरिस्टर नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक स्विचमुळे जमला. 1959 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पायरा यांनी तो घडवला आणि 1961 मध्ये ल्यूट्रॉन कंपनी निघाली. हा डिमर वीज जिरवत नाही, कापतो: 50 हर्ट्झच्या विजेत सेकंदात 100 अर्धलहरी (दिशा बदलणाऱ्या विजेच्या लहरीचे अर्धे भाग) येतात, त्यातल्या प्रत्येकीचा सुरुवातीचा भाग तो अडवतो.

आपल्याकडे बोर्डावर तेव्हा पंख्याचा जाडजूड डबा असे, आत चिनी मातीवर गुंडाळलेली तार. तार तुटली की खालचे नंबर बंद, पण पाचवर पंखा चालायचा, कारण पाचवर वीज तारेतून जातच नाही. पंखा हळू केला तरी बरीच वीज डब्यातच तापून जायची. मग लहर कापणारा गोल खुंटीचा रेग्युलेटर आला. त्यावर पंखा हळू केला की घूं घूं करतो. आजचा टकटक फिरणारा रेग्युलेटर कपॅसिटरचा आहे. तो दिव्याला जोडून उपयोग नाही. 9 वॅटच्या एलईडीत फारसा फरकच पडत नाही.

दिव्यासाठी खेड्याचा उपाय वेगळाच होता: झिरोचा बल्ब, नावाला झिरो पण खातो साधारण 15 वॅट. कुणी बटणाच्या वायरीत वीज एकाच दिशेने जाऊ देणारा 1एन4007 डायोड टाकून 60 चा बल्ब मंद करी. उजेड थरथरायचा, पण काम भागायचं. नाहीतरी संध्याकाळी व्होल्टेज पडलं की बल्ब आपसूक लालसर व्हायचाच.

2015 पासून केंद्र सरकारच्या उजाला योजनेत एलईडी बल्ब घरोघर पोचले आणि जुन्या डिमरचं गणित बिघडलं. तार तापवणाऱ्या बल्बला कापलेली लहर चालते. एलईडीच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, मात्र ठरलेला करंट देत राहायला धडपडतो. लहर फारच कापली की बल्ब लुकलुकतो नाहीतर विझतो. म्हणून बल्बवर ‘डिमेबल’ लिहिलेलं हवं, आणि डिमरवरचा किमान लोडही, म्हणजे त्याला चालायला लागणारे कमीत कमी वॅट, वाचायला हवा. 400 वॅटच्या जुन्या डिमरला एकटा 9 वॅटचा बल्ब पुरत नाही.

बसवताना मेन बंद करून टेस्टरने खात्री करावी. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असतं. तसं असेल तर आधी ते सुधारावं. साध्या डिमरला दोनच टोकं: एकाला बटणाकडून येणारा फेज, दुसऱ्याला होल्डरकडे जाणारी वायर. न्यूट्रल जोडायचा नाही. चुकून जोडला तर सरळ शॉर्ट होतो आणि आतला ट्रायॅक, म्हणजे लहर कापणारा स्विच, जातो. तारेचा बल्ब उडतानाही ट्रायॅक जाऊ शकतो. मग खुंटी कितीही फिरवा, दिवा फुल्लच राहतो. लोडशेडिंगपायी घेतलेला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लहर कापणारा डिमर त्या लाईनवर न घेतलेलाच बरा.