नायट्रो गाडी: हाय नीडल की लो नीडल, आधी कुठली फिरवायची?

नायट्रो आरसी गाडी, म्हणजे रिमोटवर चालणारी नायट्रो इंधनाची छोटी गाडी, बंद पडली की सगळ्यांचा हात पहिला जातो हाय स्पीड नीडलवर (इंधन किती जायचं ते ठरवणारा स्क्रू), कारण ती कार्बोरेटरवर डोकं वर काढून उभीच असते. लो स्पीड नीडल बिचारी बऱ्याच स्लाइड कार्बोरेटरमध्ये स्लाइडच्या (थ्रॉटलबरोबर सरकणाऱ्या दांडीच्या) टोकात आत लपलेली, वाकून बघितल्याशिवाय दिसत पण नाही.

मी पण हेच करायचो. पर्वरीच्या सड्यावर भाच्याबरोबर गाडी काढली, दोन मिनिटं उभी ठेवून थ्रॉटल दिला की भसाभसा धूर, खोकायची आणि गप्प. "मामा, अजून टाइट कर ना रे!" मी हाय नीडल उजवीकडे पिळत गेलो. झालं काय, फुल थ्रॉटलला धूरच गायब, हेडवर पाण्याचा थेंब टाकला तर पडल्या पडल्या उडाला, ग्लो प्लगची (इंधन पेटवणाऱ्या प्लगची) तार पण गेली. नायट्रोत ऑइल इंधनातच मिसळलेलं असतं, त्यामुळे लीन केलं, म्हणजे इंधन कमी केलं, की ऑइलपण कमी जातं आणि पिस्टन स्लीव्हमध्ये कोरडा घासतो.

दोष होता लो नीडलचा, ती रिच होती, म्हणजे इंधन जास्त सोडत होती. दोघी इंधनच मोजतात, उजवीकडे लीन, डावीकडे रिच, पण हाय नीडलचं काम दिसतं ते फुल थ्रॉटलला आणि लो नीडलचं आयडलला (गाडी उभी, इंजिन हळू चालू) नि गाडी उचलताना. म्हणजे गाडी कुठे अडकते ते बघायचं, लांब सरळ धावेत की जागेवरून निघताना.

लो नीडल तपासायला इंजिन गरम असताना आयडलवर इंधनाची नळी चिमटीत धरा. दोन-चार सेकंदांत आवाज थोडा चढून बंद पडलं तर ठीक, खूप वेळ चालत राहिलं तर रिच, लगेच मेलं तर लीन. थ्रॉटल सोडल्यावर आवाज वरच अडकून राहत असेल तर तेही बहुतेक लीनच.

सेट करताना मात्र आधी हाय, मग लो, कारण हाय बदलली की लोचं सेटिंग पण हलतं. एका वेळी १/८ फेरा, त्याहून जास्त नको. बाजूचा आयडल स्क्रू तिसराच, तो फक्त स्लाइडची फट ठरवतो, त्याला नीडल समजून फिरवणारे पण बघितलेत मी.

आणि इंधनाचा डबा घट्ट बंद ठेवा हां, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आमच्या जूनच्या दमट हवेत डबा उघडा राहिला तर मग कुठलीही नीडल फिरवा, गाडी काय धड चालायची नाही.