विसरक थर (वक्र व लवचीक एलसीडी पडद्यांतील)

एलसीडी पडद्यात मागचा उजेड सगळीकडे सारखा पसरवणारा, दुधी रंगाचा प्लास्टिकचा पत्रा किंवा पातळ फिल्म. दुरुस्तीच्या दुकानात याला नुसते ‘डिफ्युझर’ किंवा ‘सफेद शीट’ म्हणतात. एलसीडीतल्या द्रवस्फटिकांना स्वतःचा उजेड नसतो. ते झडपेसारखे प्रकाश अडवतात किंवा सोडतात. उजेड येतो मागच्या एलईडींकडून, आणि तो ठिपक्याठिपक्यांनी येतो. बडोद्यात उत्तरायणाच्या रात्री पतंगाच्या दोरीला बांधलेल्या तुक्कलीत, म्हणजे कागदी कंदिलात, मेणबत्तीची ज्योत वेगळी दिसत नाही, अख्खा कागद उजळतो. दिवाळीच्या आकाशकंदिलाचेही तेच. विसरक थराचे तत्त्व याहून निराळे नाही.

पत्रा पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिकचा असतो आणि त्यात काही मायक्रोमीटर व्यासाचे सिलिकोनचे किंवा सिलिकाचे कण मिसळलेले असतात. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, सिलिकोनचा १.४३ च्या आसपास. फरक एवढासाच असल्याने किरण प्रत्येक कणापाशी थोडाथोडा वळतो आणि बहुतेक पुढेच जातो. टायटॅनियम डायऑक्साइडसारखा मोठ्या अपवर्तनांकाचा पदार्थ घातला तर दिवे लवकर लपतात, पण बराच उजेड मागे फिरतो. दुसऱ्या प्रकारात पॉलिएस्टर फिल्मच्या पृष्ठभागावर बारीक मणी चिकटवतात. पार गेलेल्या प्रकाशापैकी २.५ अंशांहून जास्त वळलेल्या प्रकाशाची टक्केवारी म्हणजे ‘हेझ’. थराची प्रत पाहताना पहिल्यांदा हाच आकडा विचारतात.

ॲक्रिलिक बडोद्याला परके नाही. गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्सने इथे खतांच्या जोडीने मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे ॲक्रिलिकचा मूळ घटक, आणि ॲक्रिलिकचे पत्रेही बनवले. दुकानाच्या दुधी पाटीमागे ट्यूब लावली की जे दिसते, तेच काम टीव्हीत फार काटेकोरपणे करावे लागते.

पडदा वाकवला की अडचण प्रकाशाची कमी आणि सुताराची जास्त होते. एकावर एक ठेवलेले पत्रे वाकवताना आतल्याची लांबी कमी पडावी लागते, बाहेरच्याची जास्त. वहीची पाने वाकवल्यावर कडा सरकतात तशी. १०००आर म्हणजे १००० मिमी त्रिज्येची वक्रता. ८० सेंमी रुंदीच्या अशा मॉनिटरमध्ये दोन थरांत २ मिमी अंतर असेल तर त्यांच्या लांबीत १.६ मिमी फरक पडतो. त्यामुळे थर एकमेकांना पक्के चिकटवत नाहीत. कडेला खाचा ठेवून सरकायला जागा देतात. त्यात उष्णता. सुमारे १२० सेंमी रुंद ॲक्रिलिक २५ अंशांनी तापले की २ मिमीच्या आसपास वाढते, पडद्याची काच मात्र जेमतेम ०.१ मिमी. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना खाच अपुरी असेल तर पत्रा फुगतो आणि पडद्यावर ढगासारखे डाग उमटतात. या असमानतेला उद्योगात ‘मुरा’ हा जपानी शब्द रूढ आहे. पावसाळ्यात ॲक्रिलिक ओलावाही पिते. दिव्यांकडची बाजू कोरडी आणि दुसरी दमट झाली की पत्रा आपोआप वाकडा होतो. मोठ्या पडद्यांत म्हणूनच पॉलिस्टायरीनला पसंती मिळते.

वक्र पडद्यातला उजेड, विसरक थरावरच्या प्रिझम फिल्ममुळे (उजेड समोर वळवणारी, बारीक खाचांची फिल्म), मुख्यतः वक्रतेच्या केंद्राकडे झुकतो. तिथे बसणाऱ्याला कडा आणि मध्य सारखेच उजळ दिसतात, बाजूच्या खुर्चीवरच्याला नाही. २०१४ च्या सुमारास आलेले वक्र एलसीडी टीव्ही दिवाणखान्यात फार टिकले नाहीत याचे आश्चर्य वाटू नये: आजोबा झोपाळ्यावर, मुले जमिनीवर, पाहुणे दाराशी. एकट्याने पाहायच्या मॉनिटरला मात्र वक्रता मानवली.

खरोखर लवचीक पडद्यात जाड पत्रा चालतच नाही. २ मिमीचा पत्रा ५० मिमी त्रिज्येत वाकवला तर बाहेरच्या बाजूला २ टक्के ताण येतो आणि ॲक्रिलिकमध्ये बारीक चिरा पडू लागतात, ०.१ मिमीच्या फिल्मवर तोच ताण ०.१ टक्का राहतो. पण पातळ फिल्मला उजेड पसरवायला जाडी अपुरी पडते. मग दिवेच लहान करून दाट मांडतात, किंवा फिल्मवर सूक्ष्म भिंगे उठवतात. कडेच्या दिव्यांच्या रचनेत प्रकाशवाहक पत्रा, म्हणजे कडेचा उजेड पडद्यामागे पसरवत नेणारा पत्रा, वाकला की उजेड आतच कोंडून ठेवणारे पूर्ण आंतरिक परावर्तन तिथे बिघडते, उजेड बाहेर सांडतो आणि वाकणावर पांढरी पट्टी दिसते. त्या जागी उजेड बाहेर काढणारे ठिपके विरळ छापतात.

पडद्यावर पांढरे गोल डाग दिसले की ग्राहक बहुधा पॅनल गेले म्हणतो. थेट मागे दिवे असलेल्या टीव्हीत पुष्कळदा नुसते एलईडीवरचे भिंग गळालेले असते आणि उघड्या दिव्याचा झोत विसरक पत्र्यालाही झाकता येत नाही. भिंग पुन्हा बसवून थर लावताना प्रिझम फिल्मची खाचेरी बाजू पाहणाऱ्याकडे ठेवायची. उलटी बसली तर चित्र अंधारते आणि टीव्ही पुन्हा उघडावा लागतो.