इनसाइड वायरमन की आउटसाइड लाइनमन? युनियनच्या दोन अप्रेंटिसशिप एक समजू नका

हायस्कूल झालंय, कॉलेजचं कर्ज डोक्यावर नकोय, हाताने काम करायला आवडतं, अशा पोरापोरींना आता अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतही "युनियनची इलेक्ट्रिशियन अप्रेंटिसशिप बघ" असं सांगायला लागलेत आणि मला ते फार बरं वाटतं, कारण मी स्वतः तिथूनच शिकलोय. पण त्याच्या मागोमाग प्रश्न येतो, "अरे एक ५ वर्षांची आहे आणि एक साडेतीन वर्षांची, मग साडेतीनवालीच करू दे की त्याला!" आणि इथेच सगळा घोळ होतो. तोच कोर्स लांबवलेला नि तोच आटोपता केलेला, असं काही नाहीये, ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळं आयुष्य आहे म्हटलं तरी चालेल.

गोंधळ होणं साहजिक आहे म्हणा. युनियन एकच, आयबीईडब्ल्यू, म्हणजे वीज कामगारांची युनियन. १८९१ साली सेंट लुईसमध्ये ती सुरू झाली तेव्हापासून तारांवरचे आणि इमारतींतले दोघंही तिच्यात आहेत, पहिला अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाइनमन होता आणि १८९६ मध्ये कामावरच शॉक लागून गेला. दोन्ही अप्रेंटिसशिप युनियन आणि कॉन्ट्रॅक्टर मिळून चालवतात, कामाच्या तासामागे ठरलेले पैसे ट्रेनिंग फंडात जातात म्हणून फी जवळपास नसतेच, पुस्तकांचे वगैरे भरायचे. पगार कामाच्या पहिल्या दिवसापासून, जर्नीमनच्या (म्हणजे अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्या कारागिराच्या) रेटच्या टक्क्यांत, आणि तास भरतील तसा टक्का वाढत जातो. सारखेपणा इथे संपला.

इनसाइड म्हणजे इमारतीच्या आतलं काम, हॉस्पिटल, शाळा, डेटा सेंटर, फॅक्टरी, बहुतेक १२०/२०८ नाहीतर २७७/४८० व्होल्टवर. ५ वर्षं, साइटवर ८००० तास आणि वर्गात साधारण ९००, कुठे संध्याकाळी कामानंतर तर कुठे पूर्ण दिवसाची शाळा. सुरुवात जर्नीमनच्या रेटच्या ४०-५० टक्क्यांवर. पहिल्या वर्षी सामान वाहणं, भोकं पाडणं, साफसफाई, आणि हे सगळं करता करता डोळे उघडे ठेवणं, कारण जर्नीमन समजावून सांगेलच असं नाही, पण दाखवेल नक्की.

मग पाइप बेंडिंग येतं, म्हणजे तारा ज्यातून जातात ते पाइप वाकवणं, आणि तिथे कळतं की प्रवेश परीक्षेत बीजगणित का विचारतात. समजा पाइप भिंतीवरून सरळ चाललाय आणि मध्ये ६ इंचांचा बीम आला, तर ऑफसेट काढायचा, म्हणजे दोन बेंड मारून पाइप बीमवरून न्यायचा. ३० अंशाचा बेंड धरला तर गुणक २, म्हणजे बेंडच्या दोन खुणांत १२ इंच अंतर. पण पाइप तिरका गेला की लांबी खाल्ली जाते, ३० अंशाला दर इंच उंचीमागे पाव इंच, इथे दीड इंच, ते आधीच धरलं नाही तर पाइप बॉक्सपर्यंत पोचतच नाही. आणि हिशोब बरोबर असूनही दुसरा बेंड मारताना पाइप हातात जरासा फिरला तरी दोन्ही बेंड एका पातळीत राहत नाहीत, त्याला डॉगलेग म्हणतात, तो लांबूनही दिसतो आणि पाइप सरळ भंगारात. चार पाइप शेजारी शेजारी समांतर वाकवून लावले ना की जे समाधान मिळतं ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. शिवाय कोडबुक, एनईसी, म्हणजे वायरिंगच्या नियमांचं पुस्तक, दर ३ वर्षांनी नवी आवृत्ती, ते वाचायची सवय आयुष्यभर सुटत नाही.

आउटसाइड म्हणजे खांब, टॉवर, सबस्टेशन, रस्त्याखालच्या केबल, आपल्याकडच्या महावितरणच्या लाइनमनसारखं काम. हीच ती साडेतीन वर्षांची, ७००० तास, १०००-१००० चे ७ टप्पे. सुरुवात बहुतेक ६० टक्क्यांपासून, म्हणून कागदावर हेच फायद्याचं दिसतं. पण ४० फुटी लाकडी खांब घ्या, तो १० टक्के अधिक २ फूट म्हणजे ६ फूट जमिनीत, उरलेले ३४ फूट पायाला बांधलेल्या लोखंडी टोच्यांवर चढायचे, टोचा लाकडात नीट रुतला नाही तर पाय सुटतो. आता खांबावर चढताना पडण्यापासून वाचवणारा पट्टा लागतोच, तरी भीती मोडायला वेळ जातो. वरून बेशुद्ध माणूस खाली आणायची प्रॅक्टिस डमी लटकवून करून घेतात, घड्याळ लावून, ४ मिनिटांत. रबरी हातमोजे दर वापराआधी हवा भरून दाबून बघायचे, सुईएवढं भोकही चालत नाही, आणि दर ६ महिन्यांनी त्यांची इलेक्ट्रिकल टेस्ट, कारण समोर चालू लाइन ७२०० व्होल्टची असू शकते.

माझ्या मते वर्षं आणि टक्के मोजण्याआधी पोराला विचारा, रोज रात्री घरी यायचंय का? इनसाइडवाला बहुतेक आपल्याच लोकलच्या, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेच्या, हद्दीत काम करतो, काम आटलं तर मात्र प्रवास करावा लागतो. आउटसाइडचा कार्यक्रम अनेक राज्यांचा पट्टा मिळून एक असतो, काम जिथे तिथे जायचं, आठवडेच्या आठवडे मोटेलात, आणि वादळ आलं की सगळे घराकडे पळत असताना हे लोक तिकडे निघतात, १६-१६ तास. पैसा भरपूर मिळतो, पण एका मित्राच्या घरी मी बघितलंय, गणपतीला आई वाट बघत बसलेली आणि हा दुसऱ्याच राज्यात खांबावर. तो खूश आहे हं, त्याला आत कोंडून काम जमलंच नसतं.

अजून एक, नंतर मनात आलं म्हणून इकडून तिकडे सहज उडी मारता येत नाही. इनसाइडचा जर्नीमन लाइनमन व्हायचा म्हटला तर त्याला परत अप्रेंटिस व्हावं लागतं, उलटही तसंच. आणि बऱ्याच राज्यांत इलेक्ट्रिशियनचं जे सरकारी लायसन्स लागतं, त्यासाठी लाइनवरचे तास सहसा धरत नाहीत, त्यामुळे पुढे स्वतःचा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा काढायचा विचार असेल तर इनसाइडच बरं.

अर्ज करताना इनसाइडसाठी आपल्या भागाच्या ट्रेनिंग सेंटरला विचारायचं, वय १८, हायस्कूल किंवा जीईडी (हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा), बीजगणिताचं एक वर्ष, मग गणित आणि वाचनाची परीक्षा आणि शेवटी इंटरव्ह्यू, समोर युनियनचे नि कॉन्ट्रॅक्टरचे सारखेच लोक. लाइनमनसाठी यावर ट्रकचं लायसन्स लागतं, क्लास ए सीडीएल, आणि अर्ज करण्याआधी थोडे दिवस ग्राउंडमन म्हणून खाली राहून दोरीने सामान वर द्यायचं काम केलं असेल तर इंटरव्ह्यूत त्याचं वजन पडतं, शिवाय पोराला स्वतःलाच कळतं की आपल्याला वर जायचंय की नाही.