३२ चा फरक: कॅपिटल-स्मॉल न पाहता होणाऱ्या तुलनेची पार्श्वभूमी

डोमेनची नावं आणि एचटीटीपी हेडरची नावं यांत कॅपिटल-स्मॉल असा भेद धरत नाहीत. त्यामुळे भेद न मानता दोन स्ट्रिंग (अक्षरांच्या ओळी) जुळवून पाहणारं फंक्शन सर्व्हरवर जवळपास प्रत्येक विनंतीला चालतं. ते वेगवान करण्याच्या बहुतेक युक्त्यांचं मूळ आस्कीच्या, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षराला व चिन्हाला क्रमांक देणाऱ्या संकेताच्या, मांडणीत आहे.

१९६३ च्या पहिल्या आस्कीत स्मॉल अक्षरं नव्हतीच. १९६७ च्या आवृत्तीत ती आली, तीही विचारपूर्वक: कॅपिटल ‘ए’ ६५ वर, स्मॉल ‘ए’ ९७ वर. फरक ३२, म्हणजे नेमका एक बिट, आणि सव्वीसही अक्षरांना तोच. या एका निर्णयाचा फायदा आजची प्रत्येक लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) घेते आहे, असं मला मनापासून वाटतं.

सरधोपट पद्धत म्हणजे दोन्ही स्ट्रिंग स्मॉल करून तुलना करायची. यात नव्या प्रतींसाठी मेमरी लागते, आणि पहिलंच अक्षर वेगळं असलं तरी सगळं रूपांतर आधीच होऊन गेलेलं असतं. बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीने प्रत्येक बाइटचं स्मॉल रूप सांगणारं २५६ घरांचं टेबल ठेवून प्रती टाळल्या, पण लूप एकेका बाइटनेच पुढे सरकायचा.

पुढे प्रोसेसरच्या ६४ बिटांच्या रजिस्टरमध्ये ८ बाइट एकदम घेऊन ३२ चा बिट चढवण्याची, म्हणजे कॅपिटलचं स्मॉल करण्याची, युक्ती आली. इथे एक सापळा आहे. उघडणारा चौकटी कंस ९१ वर आणि महिरपी कंस १२३ वर. त्यांच्यातही फरक ३२ चाच. नुसता बिट चढवला तर हे दोन कंस ‘सारखे’ ठरतात. म्हणून बाइट खरोखर अक्षरांच्या पट्ट्यात आहे का, हे तपासावंच लागतं.

जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने गुंता वाढवला. केल्विनचं चिन्ह स्मॉल ‘के’शी जुळतं, पण यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) ते ३ बाइटांचं आणि ‘के’ १ बाइटाचा. म्हणजे लांबी वेगळी दिसली की लगेच नकार देण्याची सोयही गेली. जर्मन एस्झेट (ß) या अक्षराचे तर पूर्ण केसफोल्डिंगमध्ये, म्हणजे तुलनेसाठी कॅपिटल-स्मॉल भेद पुसताना, दोन ‘एस’ होतात. पायथॉनने त्यासाठी २०१२ मध्ये, ३.३ आवृत्तीत, ‘केसफोल्ड’ ही वेगळी मेथड दिली. तुर्कीत बिंदूचा आणि बिनबिंदूचा ‘आय’ ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, त्यामुळे तिथे भाषा कळल्याशिवाय अचूक उत्तर देताच येत नाही.

यातून दोन वाटा रूढ झाल्या. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेने फक्त आस्कीपुरतं फंक्शन ठेवलं आणि ती मर्यादा त्याच्या नावातच लिहिली. गो या भाषेच्या ‘ईक्वलफोल्ड’ फंक्शनमध्ये आस्कीचा जलद लूप आधी धावतो आणि आस्कीबाहेरचा पहिला बाइट दिसताच युनिकोडच्या संथ वाटेला वळतो.