जीन हॅकमन: चाळिशीनंतर उजाडलेला नट

हॉलीवूडचा नट जीन हॅकमनला पहिलं ऑस्कर मिळालं ते ‘द फ्रेंच कनेक्शन’साठी, १९७२ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी. सॅन बर्नार्डिनोत १९३० साली जन्मलेला हा मुलगा वाढला इलिनॉयमधल्या डॅनव्हिल गावात. १३ वर्षांचा असताना तो रस्त्यावर खेळत होता. वडील गाडीतून जाता जाता नुसता हात हलवून गेले, ते घर सोडूनच. एवढ्याशा खुणेत केवढं मावतं, हे तेव्हा कळलं, असं तो पुढे सांगायचा.

१६ व्या वर्षी वय चोरून तो मरीन दलात भरती झाला. नंतर पॅसाडीना प्लेहाऊसमध्ये अभिनय शिकायला गेला, तर सहाध्यायांनी त्याला आणि डस्टिन हॉफमनला ‘यश मिळण्याची शक्यता सर्वांत कमी’ असं ठरवून टाकलं. न्यूयॉर्कमध्ये त्याने दरवानाची नोकरी केली. ‘लिलिथ’मधल्या (१९६४) छोट्याशा कामामुळे तो त्यातला नायक वॉरन बेटीच्या लक्षात राहिला आणि त्यातून ‘बॉनी अँड क्लाइड’ (१९६७) मिळाला.

‘द फ्रेंच कनेक्शन’मधल्या (१९७१) पोलिसाच्या भूमिकेसाठी तो न्यूयॉर्कच्या खऱ्या पोलिसांबरोबर फिरला. त्यांची दांडगाई त्याला सोसेना. संशयिताला मारण्याच्या प्रसंगात हात उचलायचा, पण मारण्यात जोर येत नसे. टेकवर टेक वाया गेले आणि भूमिका सोडून द्यावी, असंही त्याला वाटलं. ब्रुकलिनमधला गाडीने केलेला पाठलाग उंचावरच्या रेल्वेमार्गाखाली चित्रित झाला. धोक्याचं ड्रायव्हिंग स्टंट ड्रायव्हर बिल हिकमनचं. चेहरा दिसतो तिथे बऱ्याचदा हॅकमन स्वतः गाडी चालवतो. काही शॉट सेकंदाला २४ ऐवजी १८ चौकटींनी (फ्रेम्सनी) घेतले, म्हणून पडद्यावर वेग वाढलेला दिसतो.

त्याचं सर्वांत अवघड काम मात्र ‘द कॉन्व्हर्सेशन’मधलं (१९७४). चोरून आवाज टिपणारा हॅरी कॉल पाऊस नसतानाही पारदर्शक रेनकोट घालून वावरतो, एकच टेप पुन्हा पुन्हा ऐकतो. कान टवकारलेला, चेहरा कोरा. बोलणं जवळपास नाहीच. सगळा ताण बटणावरच्या बोटांत.

‘अनफरगिव्हन’ (१९९२) त्याने आधी नाकारला होता, कारण हिंसेचा वीट आला होता. दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुडने मन वळवलं. त्यातला क्रूर शेरीफ हौसेने स्वतःचं घर बांधतो, आणि छत गळत राहतं. या भूमिकेला दुसरं ऑस्कर मिळालं.

२००४ च्या चित्रपटानंतर, हृदयाला ताण झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर, त्याने काम थांबवलं. सांता फेला राहून कादंबऱ्या लिहिल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये, ९५ व्या वर्षी, तिथेच त्याचं निधन झालं.